घरातली जुनी कागदपत्रे पुढच्या पिढ्यांसाठी कशी जपावीत

मराठवाड्यातल्या जुन्या घरांतल्या बस्त्यांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गाठोड्यांत, हिशेब आणि खासगी पत्रे बहुधा मोडीत सापडतात, तर निजामी अमलातले सरकारी कागद उर्दूत. ते वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत असल्याने कागद टिकवण्याच्या कामात वाचनालाच पहिले स्थान द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

बस्ता सोडण्याआधी त्याचा आहे तसा फोटो घ्यावा आणि कागदांचा क्रम मोडू नये. एखादी शेतसाऱ्याची पावती आणि भावकीतले एखादे पत्र एकत्र बांधलेले असेल, तर ती दोन्ही एकाच जमिनीच्या वादातली असू शकतात आणि हे सांगणारा पुरावा बहुधा त्या गाठीखेरीज दुसरा नसतो. धूळ मऊ ब्रशने झटकावी, गंजलेल्या टाचण्या न ओढता हळूच सोडवाव्यात आणि ओलसर कागद उन्हात न टाकता सावलीत वाळवावेत. लॅमिनेशन कधीही करू नये, कारण ते कागद न फाडता पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपचा गोंदही काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो. धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळलेले कागद मातीच्या भिंतीपासून दूर, जमिनीपासून उंच ठेवावेत. वाळवी भिंतीतूनच चढते.

आता वाचन. उर्दू कागदावर फसली सन, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबासाठी वापरलेला सन, असेल तर त्यात 590 मिळवल्यास इसवी सन साधारण कळतो. मात्र हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्याने फसली 1357 म्हणजे 1947-48 असे धरावे. हिजरी सनाला हा हिशेब लागू नाही, आणि काही कागदांवर दोन्ही सन असतात, तेव्हा आधी सन कोणता ते पाहावे. रकमेपुढे ‘हाली’ असेल तर तो हैदराबादचा रुपया समजावा. जाणकाराकडून वाचून घेतलेला मजकूर, वाचणाऱ्याचे नाव आणि त्यातल्या माणसांशी आपले नाते हे सारे वेगळ्या कागदावर लिहावे. मूळ कागदावर फार तर मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात क्रमांक टाकावा. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे नाते आजच विचारून घ्यावे.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात गावेच्या गावे ढिगाऱ्याखाली गेली, म्हणून स्कॅन केलेल्या प्रतींचा एक संच दुसऱ्या गावी असावा. वाटण्या होताना मूळ कागद वाटून घेऊ नयेत. ते एकाच घरी ठेवून बाकी भावंडांना प्रती द्याव्यात आणि मूळ कोणाकडे आहे, हे प्रत्येक संचाच्या पहिल्या पानावर लिहावे.