केदारतालला जाताना घाई नको

केदारताल म्हणजे हिमालयात गंगोत्रीच्या वरच्या अंगाला असलेलं सरोवर. तिथे चालत जायचं तर वनविभागाची परवानगी आधीच काढा आणि गंगोत्रीत एक दिवस नुसता काढा. गंगोत्री ३,१०० मीटरच्या आसपास, ताल साधारण ४,७५०. मध्ये भोजखरक, केदारखरक असे दोन मुक्काम हवेतच. पहिल्या खेपेला मी जोशात भोजखरकला न थांबता पुढे गेलो आणि केदारखरकला विरळ हवेनं रात्रभर डोकं धरून बसलो. नाचणीची पेजसुद्धा पोटात ठरेना. डोकं ठणकत असेल तर चढायचं नाही, उतरायचं.

भोजखरकच्या अलीकडे ‘स्पायडर वॉल’चा तिरका कातळ लागतो, तिथे सॅकचे पट्टे आवळून घ्या. पुढचा दरडीचा पट्टा सकाळीच ओलांडा. ऊन चढलं की वरून दगड सुटतात. आमच्या पुढ्यातून नारळाएवढा एक टणटणत गेला. पाण्यात थलय सागर शिखराचं प्रतिबिंब हवं असेल, तर वारा सुटायच्या आत काठावर पोचा.