आत घुसूनही बास्केट नाही, फाउलही नाही? या चुका टाळा

बास्केटबॉलमध्ये ड्राइव्ह करत, म्हणजे चेंडू टप्पे देत रिंगकडे धावत, आत गेलेला खेळाडू समोर बचावपटू दिसताच अंग चोरतो आणि मागे झुकून चेंडू कसाबसा भिरकावतो. मग हात पसरून रेफ्रीकडे बघतो. शिट्टी कशाला वाजेल? कुणाचा धक्काच लागलेला नसतो.

उलट टोकाची चूक म्हणजे थेट छातीवर आदळणं. बचावपटू आधीच जागेवर असेल तर फाउल तुमच्याच नावावर. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या) नियमात रिंगखाली १.२५ मीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ आहे. तिथे उभ्या बचावपटूवर शॉट मारणारा हवेतून आदळला तर सहसा चार्जिंग (आदळणाऱ्याचा फाउल) देत नाहीत, पण हाताने ढकललं तर देतात. म्हणून शेवटचं पाऊल त्याच्या खांद्याच्या बाजूने टाकायला आणि उडी रिंगकडे मारायला शिकवा.

पंप फेक, म्हणजे शॉट मारण्याचं सोंग, तर बहुतेक मुलं वाया घालवतात. चेंडू वर नेताना गुडघेही सरळ करतात, मग खऱ्या उडीला जोरच उरत नाही. चेंडू कपाळापर्यंत न्यावा, नजर रिंगवर असावी, गुडघे वाकलेलेच राहावेत. बचावपटूचे पाय जमिनीवरून सुटले की मगच, चेंडू दोन्ही हातांत घट्ट धरून, वर जायचं. सरावात कोचने पॅड घेऊन उडी मारणाऱ्याच्या खांद्याला किंवा कमरेला रेटा द्यावा. पॅड नसेल तर कपडे भरलेली जुनी सॅकही चालते. दोन्ही बाजूंनी १०-१० वेळा करा. धक्का खाऊन चेंडू आत गेला तरच मोजा.

पोस्टवर, म्हणजे रिंगजवळ पाठ करून उभं असताना, चेंडू मिळाल्यावर तो कमरेपाशी आणू नका, समोरच्यांचा बुटका गार्ड (बाहेरच्या बाजूने खेळणारा चपळ खेळाडू) तिथूनच हिसकावतो. हनुवटीखाली धरा. आणि दोन उंच खेळाडू एकाच बाजूला उभे करू नका. मदतीला येणारा बचावपटू तुम्हीच आणून दिल्यासारखं होतं.

स्कोअरबोर्डकडे दुर्लक्ष हीसुद्धा कोचची चूक. एका क्वार्टरमध्ये समोरच्यांचे ४ फाउल झाले, की पाचव्यापासून शॉट मारत नसलेल्यावर फाउल केला तरी २ फ्री थ्रो (कुणी न अडवता मारायचे शॉट) मिळतात. नेमक्या त्याच वेळी आपली पोरं आत घुसायचं सोडून बाहेरून तीन-तीन गुणांचे शॉट मारत बसतात! बेंचवरच्या एकाला ही मोजणी नेमून द्या.

फ्री थ्रोचा सराव सुरुवातीला ताज्या दमात सलग ५० टाकून उरकू नका. धावून धाप लागली की दोनच टाकायचे, पुन्हा धावायचं, पुन्हा दोन.