त्याच कंपनीत, दुसऱ्या टीममध्ये

सपोर्टच्या प्रोजेक्टवर तीन वर्षे काढल्यावर डेव्हलपमेंटकडे किंवा डेटाच्या कामाकडे जावेसे वाटण्यात गैर काही नाही, आणि मोठ्या आयटी कंपन्यांत त्यासाठी आयजेपी, म्हणजे अंतर्गत जागांसाठी अर्ज करण्याची रीतसर सोयही असते. अवघड भाग पुढचा आहे. कंपनीच सोडून जाणाऱ्याला लोक केक कापून निरोप देतात आणि विसरतात. टीम बदलणारा मात्र दुसऱ्या दिवशीही त्याच लिफ्टमध्ये भेटतो, आणि ज्यांच्या अंगावर त्याचे काम पडले आहे ते त्याला रोज पाहत असतात. माझ्या अनुभवात माणसे जाण्यावरून फारशी दुखावत नाहीत. आपल्याला शेवटी आणि भलत्याच्याच तोंडून कळले, यावरून दुखावतात.

म्हणून अर्जाआधी कंपनीचे धोरण नीट वाचावे. सध्याच्या कामात किमान किती महिने झालेले हवेत, कामाचे मागील रेटिंग कोणते लागते, या अटी तर पाहाव्यातच. पण त्याहून महत्त्वाचे हे की तुमच्या मॅनेजरला सूचना नेमकी कोणत्या टप्प्यावर जाते. काही ठिकाणी ती निवड झाल्यावर जाते, काही ठिकाणी अर्जाचे बटण दाबताच. मी हे न पाहता एका शुक्रवारी संध्याकाळी अर्ज भरला होता. सोमवारी सकाळच्या मीटिंगसाठी मॅनेजरने स्क्रीन शेअर केली आणि कोपऱ्यात माझ्या नावाचा मेल सगळ्या टीमसमोर झळकला. ते एवढेच म्हणाले, “हे नंतर बघू.” त्यानंतरचे दोन महिने आमच्यात कामापुरतेच बोलणे राहिले, आणि त्यात त्यांची काही चूक होती असे मला आजही वाटत नाही.

ज्या टीममध्ये जायचे तिच्या प्रमुखाशी आधी एकदा अनौपचारिक बोलणे योग्यच असते. जागा का रिकामी झाली, रात्रीची पाळी आहे का, पहिले सहा महिने प्रत्यक्षात कोणते काम करावे लागेल, हे विचारून घ्यावे. पदाचे नाव भारदस्त आणि काम तेच, असे प्रकार कमी नाहीत. मात्र “माझ्या मॅनेजरांशी मी स्वतः बोलेपर्यंत आपण त्यांना फोन करू नये” ही विनंती त्याच भेटीत करावी.

मग अर्जापूर्वीच मॅनेजरची वेळ मागावी. सॉफ्टवेअर रिलीजचा आठवडा किंवा क्लायंटचे एस्केलेशन, म्हणजे वरिष्ठांपर्यंत गेलेली तक्रार, चालू असताना हा विषय काढू नये, आणि चॅटवर तर मुळीच नाही. बंद खोलीत पंधरा मिनिटे पुरतात. बोलणे साधारण असे असावे: “सर, हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगावं असं वाटलं. डेटा टीममध्ये एक जागा आहे आणि मला तिकडे अर्ज करायचा आहे. निवड झालीच, तर इथलं काम कोणाकडे आणि किती दिवसांत द्यायचं याचा एक कच्चा आराखडा मी आणला आहे.” इथे जुन्या तक्रारींचा पाढा वाचू नये. बाहेरची ऑफर दाखवून दबाव आणण्याचा मोह तर टाळावाच. जागा कदाचित मिळेल, पण ती धमकी लोकांच्या लक्षात राहते.

सहकाऱ्यांना निवड होईपर्यंत सांगू नये, कारण निवड झाली नाही तर त्याच खुर्चीवर बसायचे असते आणि चहाच्या टपरीवर बातमी फुटायला एक कटिंग पुरते. अपवाद एकच: त्याच जागेसाठी जवळच्या सहकाऱ्यानेही अर्ज केल्याचे कळले, तर आपणही केला आहे हे त्याला आपणहून सांगावे.

निवड झाल्यावर खरे काम सुरू होते. ज्याच्यावर तुमचा भार येणार त्याच्याशी, टीमला जाहीर होण्याआधी पण मॅनेजरला विचारून, वेगळे बोलावे. हँडओव्हरच्या, म्हणजे काम सोपवण्याच्या, फाइलमध्ये बहुधा जगाला आधीच ठाऊक असलेली माहिती भरलेली असते; त्याऐवजी फक्त तुमच्याच डोक्यात असलेल्या गोष्टी लिहाव्यात. महिनाअखेरीचा जॉब, म्हणजे सर्व्हरवर आपोआप चालणारा प्रोग्राम, रात्री अडकला तर डेटाबेसमधील आधी कोणती टेबल पाहायची, डेटाबेसवाल्यांपैकी कोण फोन उचलतो, क्लायंटकडील कोणत्या व्यक्तीला मेलपेक्षा फोन चालतो. एक महिनाअखेर तुम्ही करावी आणि त्याने पाहावी. पुढची त्याने करावी आणि तुम्ही नुसते शेजारी बसावे.

रिलीजची, म्हणजे जुन्या टीममधून मोकळे होण्याची, तारीख मेलवर घ्यावी. “बदली माणूस मिळाला की सोडतो” ही तारीख नव्हे. ती मिळतच नसेल तर एचआरकडे किंवा वरिष्ठांकडे जाण्यास हरकत नाही, पण आपण जाणार आहोत हे मॅनेजरला सांगूनच जावे. मधल्या काळात दोन्हीकडे अर्धे-अर्धे काम करण्याचे कबूल करू नये; कारण दोन अर्ध्यांची बेरीज अशा वेळी दीड होते. त्याऐवजी रिलीजनंतर पंधरा दिवस रोज एक तास शंकांसाठी राखून ठेवावा. मार्चच्या आसपास हलत असाल तर वर्षाचे रेटिंग कोणता मॅनेजर देणार, हेही त्याच मेलमध्ये स्पष्ट करून घ्यावे.

नवी जागा समूहातील दुसऱ्या कंपनीत असेल, तर ती कायद्याने वेगळी कंपनी असू शकते. मग पीएफचा यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, तोच राहतो, पण जुन्या खात्यातील रक्कम नव्या खात्यात आली की नाही हे तपासावे लागते. कायम कर्मचाऱ्याला राजीनामा देताना ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी 5 वर्षांची सलग सेवा लागते. त्यामुळे जुनी सेवा धरली जाईल, असे नव्या पत्रात लिहून घेतल्याशिवाय राजीनाम्याच्या कागदावर सही करू नये.

राहता राहिली तुम्ही गेल्यानंतरची पहिली महिनाअखेर. त्या रात्री जॉब अडकलाच आणि जुन्या टीमचा फोन आला, तर तो उचलावा.