घरात १३००डी असताना आर५० घ्यावा का? एका संध्याकाळी करता येणारी तुलना

कॅननचा ईओएस १३००डी २०१६ साली आला, ईओएस आर५० हा २०२३ सालचा. दोन्ही त्या-त्या काळातले सुरुवातीच्या श्रेणीतले कॅमेरे, दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा (३५ एमएम फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान). पहिल्यात आरसा आहे (डीएसएलआर), दुसऱ्यात नाही (मिररलेस). पण दुकानाच्या काउंटरवर दोन्ही डोळ्याला लावून, चार फोटो काढून निर्णय घेतला तर तो हमखास चुकतो. कारण तेव्हा तुम्ही बॉडीची (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्याची) नाही, तर लेन्सची तुलना करत असता.

१३००डी सोबत येणारी लेन्स १८-५५ एमएम, एफ/३.५-५.६ (एफचा आकडा लहान, तितकं छिद्र मोठं). आर५० सोबतची १८-४५ एमएम, एफ/४.५-६.३. म्हणजे १८ एमएमलाच नवी लेन्स जवळपास दोन-तृतीयांश स्टॉप कमी प्रकाश आत घेते (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). एकाच खोलीत, एकाच शटर स्पीडला जुना कॅमेरा आयएसओ (प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १६०० वर चालत असेल, तर नव्याला २५०० लागेल. मग नव्या कॅमेऱ्याच्या फोटोत दाणे जास्त दिसले की लोक म्हणतात, 'मिररलेसमध्ये काही दम नाही.' दोष सेन्सरचा नसतो, किट लेन्सचा असतो.

म्हणून दोन्ही बॉडींना एकच लेन्स लावायची. ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम सगळ्यात सोयीची. ती १३००डीवर थेट बसते आणि आर५० वर ईएफ-ईओएस आर अडॅप्टरमधून. या अडॅप्टरमध्ये काच नसते. ईएफ (जुन्या बॉडीच्या) माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४४ मिमी आणि आरएफचं (नव्या बॉडीच्या माउंटचं) २० मिमी. मधले २४ मिमी भरून काढणं आणि विजेचे संपर्क पुढे नेणं एवढंच त्याचं काम. त्यामुळे दर्जा घटत नाही, ऑटोफोकसही चालतो. उलटा प्रवास मात्र नाही. आरएफ लेन्स जुन्या बॉडीवर बसणार नाही. घरात ५५-२५० एमएमसारखी आणखी एखादी लेन्स असेल तर नव्या बॉडीच्या किमतीत अडॅप्टरची किंमत आत्ताच धरा. सेकंड-हँड घेणार असाल तर लेन्समध्ये एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने बघा. मुंबई-कोकणच्या पावसाळी दमटपणात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सच्या कडेला कोळिष्टकासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे. अशी लेन्स कितीही स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

आता सेटिंग. दोन्हींवर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) अधिक जेपेग, व्हाइट बॅलन्स ऑटो न ठेवता डेलाइटवर पक्का, पिक्चर स्टाइल एकच. ऑटो लाइटिंग ऑप्टिमायझर दोन्हींत बंद करा. तो सावल्या स्वतःच्या मर्जीने उजळतो आणि सगळी तुलना बिघडवतो. हायलाइट टोन प्रायॉरिटीही बंद, नाहीतर आयएसओ १०० मिळतच नाही. मोड मॅन्युअल.

आधी उन्हातला फोटो उरकून घ्या. एफ/५.६, आयएसओ १००, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर. १३००डीचा फोटो ५१८४ बाय ३४५६ पिक्सेलचा, आर५० चा ६००० बाय ४०००. अठरा विरुद्ध चोवीस मेगापिक्सेल ऐकायला मोठं वाटतं, पण रुंदीत फरक जेमतेम सोळा टक्क्यांचा. नवा फोटो ५१८४ वर आणून शेजारी ठेवा. ए४ प्रिंटमध्ये कुठला कुठला हे सांगता येणार नाही. भरपूर प्रकाशात, स्थिर विषयावर, जुना कॅमेरा अजिबात म्हातारा झालेला नाही.

फरक सावल्यांत निघतो. आयएसओ १०० वरच, योग्य एक्स्पोजरपेक्षा तीन स्टॉप कमी असा रॉ फोटो काढा (योग्य शटर १/६० असेल तर १/५००) आणि संगणकावर तीन स्टॉप उजळा. १३००डीच्या काळ्या भागात रंगीत दाणे आणि आडवे-उभे पट्टे उठून येतात. आर५० तिथे बराच स्वच्छ राहतो. खिडकीसमोर उभं राहिलेलं माणूस, देवळाचा गाभारा, मागे सूर्यास्त असलेला गडमाथा अशा प्रसंगांत हा फरक कामाला येतो. फक्त जेपेग वापरणाऱ्याला मात्र तो क्वचितच जाणवेल. मग आयएसओ १६००, ३२०० आणि ६४०० वर तेच दृश्य, तेच छिद्र. १३००डीची नेहमीची मर्यादा ६४००, पुढचं १२८०० वाढीव आहे आणि ते विसरलेलंच बरं.

यानंतरची चाचणी सावकाश करा, कारण निर्णय बहुतेकदा इथेच होतो.

डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून फोकस करताना आरशामागून खाली वळवलेला प्रकाश एका वेगळ्या फोकस सेन्सरवर पडतो. फोटो उमटतो दुसऱ्याच सेन्सरवर. दोघांचं अंतर अगदी अचूक जुळलं नसेल तर फोकस दर वेळी थोडा पुढे किंवा थोडा मागे बसतो. किट लेन्सवर हे लपून जातं. एफ/१.८ वर, एक मीटर अंतरावरून, धारदार दिसणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटरचा असतो, तिथे ही चूक उघडी पडते. वरच्या श्रेणीतल्या बॉडींत ती मेनूमधून दुरुस्त करता येते, १३००डीत ती सोयच नाही.

तपासायचं असं: एक खोकं (चहापत्तीचंही चालेल, छापील अक्षरं ठळक हवीत) कॅमेऱ्याला अगदी समांतर उभं करा. त्याच्या शेजारी पट्टी ४५ अंशांत तिरकी टेकवा, शून्य खोक्याच्या पुढच्या पृष्ठाशी. फोकस खोक्यावर करायचा, पट्टीवर नाही. व्ह्यूफाइंडरमधल्या चौकोनापेक्षा फोकस बिंदूचा खरा आवाका मोठा असतो आणि तिरक्या पट्टीवर तो भलतंच काही पकडतो. बरेच जण इथेच फसतात आणि चांगली लेन्स सदोष ठरवून मोकळे होतात. मधला बिंदू निवडा, कारण नऊ बिंदूंपैकी तोच एक क्रॉस प्रकारचा (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा) आहे. दर फोटोआधी लेन्सची फोकस रिंग हाताने फिरवून फोकस बिघडवा आणि पुन्हा करा. असे दहा फोटो. मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चित्र) चालू करून १० पट मोठं करून फोकस साधा आणि तुलनेसाठी एक फोटो घ्या.

दहाही फोटो एकाच दिशेला सरकलेले आणि लाइव्ह व्ह्यूचा धारदार असेल, तर जुळणी बिघडली आहे. बॉडी आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला द्यावी लागतील. चूक कधी पुढे, कधी मागे असेल, तर प्रकाश कमी पडतोय, आणखी एखादा दिवा लावून पुन्हा करा. आर५० वर हीच चाचणी करा. तो फोटोच्या सेन्सरवरच फोकस मोजत असल्याने जुळणीचा हा प्रश्नच उद्भवत नाही.

मग हलता विषय. कुणालातरी पाच मीटरवरून दोन मीटरपर्यंत तुमच्याकडे चालत यायला सांगा. एफ/२.८, १/५००. जुन्यावर एआय सर्वो (हलत्या विषयावर फोकस धरून ठेवणारा मोड) आणि मधला बिंदू चेहऱ्यावर. नव्यावर सर्वो, विषय 'माणसं', डोळा ओळखणं चालू. १३००डी सेकंदाला तीन फोटो काढतो, आर५० बारा. न्याय्य तुलनेसाठी आर५० मंद बर्स्टवर ठेवा, आणि दोन्हींचे वीस-वीस फोटो १०० टक्क्यांवर उघडून डोळा धारदार असलेले मोजा. चेहरा चौकटीच्या कडेला ठेवून पुन्हा करा. मधला बिंदू तिथे पोचत नाही, म्हणून जुन्या कॅमेऱ्यावर आधी फोकस, मग चौकट फिरवणं, असा खेळ करावा लागतो आणि तोवर मूल पळालेलं असतं. पैसे मोजण्यासारखा फरक बहुतेक घरांना इथेच दिसतो.

व्ह्यूफाइंडरबद्दल थोडक्यात. १३००डीचा ९५ टक्केच दाखवतो, त्यामुळे न दिसलेला विजेचा खांब फोटोच्या कडेला हजर होतो. आर५० चा पूर्ण चौकट दाखवतो आणि एक्स्पोजरही आधीच दिसतं. मात्र स्टुडिओ फ्लॅशसाठी आयएसओ १००, एफ/८, १/२०० लावलं की त्यात काळोख दिसेल. कॅमेरा बिघडलेला नसतो, मेनूमधून एक्स्पोजर सिम्युलेशन बंद करायचं. फ्लॅशवाल्यांना आणखी एक अडचण आहे. आर५० चा शू (फ्लॅश बसवायची वरची खाच) नव्या प्रकारचा आहे, जुना स्पीडलाइट (कॅननचा फ्लॅश) लावायला एडी-ई१ अडॅप्टर लागतो. १३००डीच्या शूवर मधला संपर्कबिंदू आहे, त्यामुळे साधे, स्वस्त ट्रिगर चालतात. सेकंड-हँड बाजारात १३००डीऐवजी १५००डी मिळत असेल तर त्याचा शू बघून घ्या. त्यात मधला बिंदू नाही आणि इतर कंपन्यांचे साधे ट्रिगर त्यावर पेटत नाहीत.

आर५० वर सायलेंट मोड लावून हॉलमधल्या एलईडी दिव्यांखाली फोटो काढले तर पट्टे येतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. सायलेंट मोड सोडा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आणखी एक गैरसमज: मिररलेस म्हणजे बॉडीत स्थिरीकरण आलंच, असं नाही. आर५० मध्ये ते नाही.

व्हिडिओ करायचा असेल तर तुलना करायचीही गरज नाही. १३००डी १०८० वर थांबतो, चित्रण चालू असताना फोकस आपोआप धरून ठेवत नाही आणि त्याला माइक लावायची जागाही नाही. आर५० पूर्ण रुंदीत ४के देतो, फोकस सांभाळतो, ३.५ मिमी माइकही घेतो.

बॅटरीत जुना वरचढ आहे. व्ह्यूफाइंडरमधून १३००डी कागदावर ५०० फोटो देतो, आर५० तीनशेच्या आसपास. बॅटरीही वेगळी, एलपी-ई१० च्या जागी एलपी-ई१७, त्यामुळे घरातल्या जास्तीच्या बॅटऱ्या निरुपयोगी. दोन दिवसांच्या ट्रेकला दोन बॅटऱ्या हव्यातच. आर५० यूएसबी-सीवरून चार्ज होतो, पण पीडी (पॉवर डिलिव्हरी) प्रकारचा चार्जर किंवा पॉवर बँक लागते, साध्या अडॅप्टरवर तो ढिम्म राहतो. वजन मात्र बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम विरुद्ध ४८५.

आकडे हातात आले की ठरवणं अवघड नाही. निसर्ग, देवळं, वस्तूंचे फोटो काढत असाल आणि पट्टीची चाचणी १३००डीने पार केली असेल, तर बॉडी तीच ठेवा. ५० एमएम लेन्स आणि बरा ट्रायपॉड घ्या, उरलेल्या पैशांत ५५-२५० एसटीएम येईल. घरात पळणारं मूल किंवा कुत्रा असेल, किंवा व्हिडिओ हवा असेल, तर आर५० घ्या, अडॅप्टरसकट. जुन्या लेन्स विकू नका. किट लेन्सपेक्षा ५० एमएमच त्यावर जास्त वेळ राहील.

लेन्स बदलताना एक सवय लावून घ्या. १३००डीत सेन्सरपुढे आरसा असतो, आर५० मध्ये सेन्सर उघडाच समोर येतो. बॉडीचं तोंड जमिनीकडे धरा, पंखा बंद करा, दुसरी लेन्स आधी झाकण सैल करून हाताशी ठेवा. धूळ बसलीच तर एफ/१६ वर मोकळ्या आकाशाचा फोटो काढला की ठिपके दिसतात. ते ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकर मारू नका.