घाटात काटा लाल झाला तर

घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं की वागळे इस्टेटमधल्या माझ्या गॅरेजला फोन ठरलेला: "गाडी गरम झाली, काय करू?" आधी एसी बंद करा. हीटर फुल गरमवर आणि ब्लोअर जोरात ठेवा, म्हणजे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. तापमानाचा काटा उतरत नसेल तर गाडी कडेला घ्या आणि इंजिन बंद करा. रेडिएटरचं (इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीचं) झाकण मात्र उघडू नका! आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, हात-तोंड भाजतं. अर्धा-पाऊण तास तरी थांबा.

मग कारण शोधा. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये तापते, पळताना नाही? बहुतेक रेडिएटरच्या पंख्याची भानगड. एसी लावल्यावर बऱ्याच गाड्यांत पंखा फिरायला हवा; नाही फिरला तर फ्यूज, रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मोटर या क्रमाने बघा. इंजिन तापलंय, रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) कडक गरम आणि खालचा थंडच, तर थर्मोस्टॅट (पाण्याची वाट उघड-बंद करणारा व्हॉल्व्ह) अडकला असेल किंवा रेडिएटर तुंबला असेल. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) सारखं कमी होतंय आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसला, तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलचा) संशय घ्या. गाडी टो करूनच आणा.

नळाचं पाणी रोज भरू नका, आत क्षार बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला.