रेकॉर्ड केलेला मॅक्रो काढून टाका, अ‍ॅरे वापरा

दूध संकलनाची एक्सेल शीट घ्या: दर ओळीत एका सभासदाचं लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. रक्कम काढायला लोक मॅक्रो, म्हणजे एक्सेलमध्ये आपोआप चालणारा व्हीबीए कोड, रेकॉर्ड करतात आणि तो एकेक सेल निवडत खाली सरकत राहतो. ‘स्क्रीन अपडेटिंग (कोड चालताना पडदा पुन्हा पुन्हा रंगवणं) बंद करा’ हा सल्ला जिथे तिथे मिळतो. त्याने वेग थोडा वाढतो, मूळ दुखणं तसंच राहतं. कोडच्या शीटवरच्या फेऱ्याच थांबवायला हव्यात.

फाइलची प्रत ठेवा. मॅक्रो चालला की अनडू उरत नाही.

आता चारही कॉलम एकाच वेळी व्हेरिएंटमध्ये, म्हणजे कुठल्याही प्रकारची किंमत धरणाऱ्या व्हेरिएबलमध्ये, वाचा. त्यात अ‍ॅरे, म्हणजे मेमरीतला ओळी-कॉलमांचा तक्ता, तयार होतो. सेलमधली किंमत वाचायला ‘व्हॅल्यू’ नको, ‘व्हॅल्यू२’च घ्या. सेलला चलनाचं फॉरमॅट असलं तर ‘व्हॅल्यू’ दशांशाची चारच स्थळं ठेवते. या अ‍ॅरेची मोजणी १ पासून होते. आधी ओळ, मग कॉलम. एकच सेल वाचलात तर अ‍ॅरे मिळतच नाही, नुसता आकडा मिळतो.

खरी अडचण पुढे आहे आणि मी इथेच सर्वाधिक अडकलो. आकडा दिसतो ते सगळं आकडा नसतं. मजकूर म्हणून टाइप झालेलं ४ आणि ५ व्हेरिएंटमध्ये अधिक चिन्हाने जोडा, उत्तर ४५ येतं! म्हणून बेरजेचं व्हेरिएबल ‘डबल’ (दशांश आकड्यांचा प्रकार) असंच जाहीर करा. किंमत आकडा आहे का या तपासणीसाठी ‘इझन्यूमेरिक’ हे फंक्शन सुचवणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. रिकाम्या सेललाही ते ‘ट्रू’ म्हणतं. फॅट नोंदवायचं राहून गेलं की तिथे शून्य धरलं जातं आणि सरासरी गुपचूप खाली येते. त्याऐवजी किंमतीचा प्रकार सांगणारं ‘व्हारटाइप’ ५, म्हणजे डबल, आहे का ते पाहा. रिकामा सेल, मजकूर, एररची खूण, तिन्ही तिथेच अडतात. अडलेली ओळ परस्पर दुरुस्त करू नका, तिचा क्रमांक वेगळ्या शीटवर लिहा. हे सभासदाच्या पैशांचं काम आहे. अंदाजाने आकडा भरायचा हक्क कोडला नाही.

लूप, म्हणजे ओळीगणिक चालणारा हिशोब, साधा: लिटर गुणिले दर. ओळींच्या मोजणीला ‘लाँग’ हा पूर्णांकाचा प्रकार घ्या. ‘इंटिजर’ ३२,७६७ ला संपतो, शीटला ओळी १०,४८,५७६ असतात.

परत लिहिताना रक्कम वेगळ्या, एका कॉलमच्या अ‍ॅरेत ठेवा आणि ‘रीसाइझ’ने तेवढ्याच ओळींची रेंज (सेलचा पट्टा) द्या. रेंज मोठी झाली तर खालच्या सेलमध्ये एन/ए ही एररची खूण उमटते. वाचलेला अख्खा अ‍ॅरे परत ओतलात तर त्या कॉलममधली सूत्रं पुसली जातात.

शेवटी जुन्या मॅक्रोच्या रकमेतून नवी रक्कम ओळीगणिक वजा करा. नुसती एकूण बेरीज जुळवू नका, दोन चुका एकमेकींना झाकतात.