मुंबई-गोवा वाटेवर दोघांचा मुक्काम: या चुका टाळा

मुंबईहून गोव्याला गाडीने निघालेली बहुतेक जोडपी वाटेतला मुक्काम एकाच पद्धतीने ठरवतात. साधारण सहाशे किलोमीटरचा मध्य काढायचा आणि तिथे हायवेला लागून असलेलं एखादं लॉज धरायचं. रात्री नऊला पोचायचं, थाळी जेवायची, ट्रकचे हॉर्न ऐकत झोपायचं, सकाळी सातला पुन्हा गाडीत. अख्खं कोकण पार होतं आणि समुद्र एकदाही दिसत नाही. या रस्त्यावर दोघांना निवांत संध्याकाळ हवी असेल तर माझ्या मते गुहागर-वेळणेश्वरच्या पट्ट्याला तोड नाही. पण ती मिळायची तर आधी काही चुका टाळायला हव्यात.

अंतर मोजता, उजेड मोजत नाही

सगळ्यात मोठी चूक हीच. डिसेंबरात इथे सूर्य सहाच्या सुमाराला बुडतो, मे महिन्यात सातच्या आसपास. मुक्कामाच्या गावी त्याच्या किमान दोन तास आधी पोचायचं, असं ठरवून उलटा हिशेब करा. मुंबई ते चिपळूण अडीचशे किलोमीटरच्या आसपास, तिथून गुहागर पंचेचाळीसेक. पहाटे पाचला घर सोडलं तर पनवेल मोकळं मिळतं आणि दुपारचं जेवण गुहागरात होतं. नऊला निघालात की वडखळ, माणगाव अशा ठिकाणच्या गर्दीत दिवसाचे ऐन मोक्याचे तास जातात आणि किनाऱ्यावर पोचेपर्यंत काळोख झालेला असतो.

"हायवेपासून पंचेचाळीस किलोमीटर आत? म्हणजे परत तेवढंच बाहेर!" असं म्हणून अनेकजण हा बेत रद्द करतात. पण परत फिरायची गरजच नाही. गुहागरहून दक्षिणेला तवसाळपर्यंत जायचं, तिथे फेरीबोटीत गाडी चढवायची, शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगडला उतरायचं. पुढे गणपतीपुळे, आरे-वारे, रत्नागिरी आणि हातखंब्याला पुन्हा महामार्ग. आरे-वारेचा रस्ता टेकडीच्या कडेने जातो, खाली दोन्ही किनारे दिसतात. एवढ्यासाठी वेळ थोडा जास्त लागला तरी काही बिघडत नाही.

तिथी न बघता तारीख ठरवता

किनाऱ्यावर हातात हात घालून चालायला आधी किनारा उघडा असायला हवा. पौर्णिमा आणि अमावास्येला या भागात भरती दुपारी बाराच्या आसपास येते, म्हणजे सूर्यास्ताच्या सुमाराला ओहोटी असते. पाणी दूर सरतं आणि ओली, घट्ट वाळू मोकळी होते. पौर्णिमा असेल तर पश्चिमेला सूर्य बुडत असताना पाठीमागे माडांवर चंद्र चढतो. अष्टमीच्या सुमाराला हेच उलटं होतं. संध्याकाळी पाणी वर आलेलं असतं आणि चालायला अरुंद पट्टी उरते. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. भिंतीवरचं कॅलेंडर बघून एवढा हिशेब घरबसल्या होतो.

याचा आणखी एक फायदा आहे. हेदवीला कातळात एक लांब, अरुंद घळ आहे, बामणघळ. भरतीचं पाणी तिच्यात घुसतं आणि शेवटी कोंडून उंच उसळतं. आवाज आधी येतो, पाणी नंतर. ओहोटीला गेलात तर नुसती घळ दिसेल. पौर्णिमेच्या दिवशी दुपारी बाराला हेदवी, संध्याकाळी वेळणेश्वरचा किनारा, असा बेत अगदी जमून येतो, दोन्ही गावं शेजारीच आहेत. मात्र घळीच्या काठावर फोटोसाठी उभं राहू नका. कातळ निसरडा असतो आणि पुढची लाट मागच्या लाटेएवढीच येईल याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात तर तिकडे फिरकूच नये.

तारे बघायचे असतील तर अर्थात अमावास्या. हिवाळ्यात कधीकधी अंधाऱ्या रात्री लाटांच्या कडा निळ्या चमकतात. ते ठरवून मिळत नाही, पण काळोख नसेल तर दिसणारच नाही.

गणपतीपुळ्यात राहणार असाल तर संकष्टी, त्यातही अंगारकी, कटाक्षाने टाळा. त्या दिवशी गाव भाविकांचं असतं.

फोटो बघून खोली धरता, फोन करत नाही

"समुद्रकिनारी" म्हणजे वाडीतून दोन मिनिटं चालून, की मध्ये डांबरी रस्ता आणि दोन हॉटेलं, हे फोटोत कळत नाही. गुहागरात बरीच घरं नारळी-पोफळीच्या वाडीत आहेत आणि वाडीच्या मागच्या दाराने थेट वाळूवर उतरता येतं. अशी खोली मागून घ्यावी लागते. फोनवर सरळ विचारा: "काका, मागच्या बाजूने पुळणीवर जाता येतं का? त्या रात्री मोठा ग्रुप आहे का?" दुसरा प्रश्न विसरू नका. वीस जण आणि स्पीकर शेजारी आले की लाटा ऐकू येत नाहीत.

जेवणाचंही तेव्हाच सांगा. कितीतरी घरगुती निवासांत मासे होत नाहीत, आणि जिथे होतात तिथेही सकाळी सांगावं लागतं. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. दोघांचं लग्न झालेलं नसेल तर तेही आधीच बोलून घ्या. दोन सज्ञान माणसांनी एका खोलीत राहायला कायद्याची आडकाठी नाही, पण घरमालकाला चालतंय का हे दारात उभं राहून कळण्यापेक्षा फोनवर कळलेलं बरं. ओळखपत्रं दोघांचीही लागतात.

गाडी पुळणीवर उतरवता

नको. वरून घट्ट दिसणारी वाळू चाकाखाली बसते आणि भरती कोणासाठी थांबत नाही. रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबत राहू नका, चाक खोल जातं. सामान आणि माणसं उतरवा, टायरमधली हवा बरीच कमी करा, चाकांपुढची-मागची वाळू हाताने उकरा, खाली झावळ्या किंवा गाडीतली मॅट सारा आणि आलात त्याच चाकोरीतून हळू मागे घ्या. दोनदा जमलं नाही तर लगेच गावात ट्रॅक्टर विचारा. बाहेर निघाल्यावर हवा भरेपर्यंत गाडी अगदी सावकाश चालवा.

उशीर झाल्यावर हट्ट धरता

चिपळूणला पोचेपर्यंत अंधार पडला असेल तर तिथेच झोपा. अनोळखी वळणांचा रस्ता रात्री काढून मिळणार काय, तर बंद फाटक आणि गार जेवण. गुहागरच्या घरी फोन करून कळवा आणि पहाटे निघा. सकाळची पुळणही सुरेख असते आणि तेव्हा तिथे जवळपास कोणी नसतं.

पेट्रोल आणि रोख पैसे शृंगारतळीच्या बाजारात घ्या, पुढे गावं लहान आहेत आणि नेटवर्क येतं-जातं. नकाशा आधीच उतरवून ठेवा. फेरीची वेळ आदल्या संध्याकाळी विचारून घ्या, वारा-पाऊस असेल तर बोट बंद राहते. बंद असलीच तर राई-भातगाव पुलावरून खाडी ओलांडता येते. वळसा पडतो, तेव्हा त्या दिवशी नाश्ता उरकून जरा लवकर निघा.